चुना

मे महिन्यात सोलापुरात
घर म्हणजे सामान ठेवायची जागा.
माणसं राहतात गच्चीवर.
सात वाजता चार बादल्या ओतल्या की
स्लॅब चर्र करते,
मग सेकंड मालाच्या चादरी अंथरायच्या,
शेंगाची चटणी, कडक भाकरी, पाण्याचा तांब्या
आणि माझं सूप.

सुपात तंबाखू, दोरा, फरमा, कात्री.
हजार बिड्या रोजच्या.
अंधारात कापलेलं पान
सकाळी कारखान्यात छाटात जातं,
छाटाला पैसे नसतात,
म्हणून उजेड हवा.
हौस म्हणून नाही, तेवढं सांगून ठेवते.

पहिल्यांदा खिडकीतून वायर काढली,
होल्डर सळईला बांधला, बल्ब साठचा.
बसलिंगप्पांचा सबमीटर, युनिटला अकरा रुपये,
आणि जगातले किडे सगळे तंबाखूत.
किती पाखरं वळून दिली मी बिडीत,
ओढणाऱ्याला ठाऊक नाही, देवाला ठाऊक.

मग मंगळवार बाजारातला सोलरचा दिवा,
एकशे ऐंशीला.
वाटलं, उन्हाची काय कमी आपल्या गावात!
बेणं दिवसभर ऊन प्यायचं
नि साडेनऊला झोपायचं.

श्रीलतानं गड्ड्याच्या यात्रेत घेतलेली माळ काढली,
लाल, हिरवी, परत लाल.
गल्ली विचारायला लागली, लग्न हाय का ओ कुणाचं?
पान लाल असताना कात्री घातली,
हिरवं झालं तेव्हा बोट कापलेलं होतं.
हिरव्या उजेडात रक्त काळं दिसतं.
तेही बघून झालं.

त्या रात्री बोटाला चिंधी बांधून
नुसतीच बसले,
बिडी बांधायला लागल्यापासून पहिल्यांदा नुसती.
समोर महापालिकेचा खांब.
त्याचा उजेड येत होता की रोज,
न बोलावता, गल्ली ओलांडून,
आणि आमच्या कठड्यावर येऊन मरत होता.
कठडा काळाठिक्कर,
दहा पावसाळ्यांचं शेवाळ, शेजारच्या बंबाची काजळी.
आलेला उजेड भिंतच खात होती.

चाळीस रुपयांचा चुना आणला.
आमच्यात त्याला सुन्नम म्हणतात;
मराठी शाळेत गेले तेव्हा कळलं,
सुन्न म्हणजे वेगळंच काही.
मूठभर डिंक, चिमूटभर नीळ,
घायपाताचा कुंचला, तीन हात.

रात्री सुपातली मुंगी दिसली.
दोऱ्याची गाठ दिसली.
पलीकडच्या गच्चीवरून रेश्माबी ओरडली,
अगं नागमणी, तुझं नाक दिसतंय!

बसलिंगप्पा धापा टाकत जिना चढून आले.
वायर शोधली,
कठड्यावरून हात फिरवला,
खाली जाऊन मीटर बघितला,
पुन्हा वर आले.
"कुणाला चुना लावलास गं?"
मी दोन्ही तळहात पुढे केले.

मग एक दिवस रात्रपाळीत लाईट गेली,
अक्कलकोट रोडचे माग थांबले,
अंबादासला अडीचलाच सोडलं.
साखर पेठ सगळी काळी, खांब बंद,
आभाळात चंद्राची कोर, तीही उतरणीला लागलेली.
म्हणाला, चौकातून वर बघितलं
तर एक पांढरा पट्टा.
तेरा वर्षं झाली इथं राहून,
लांबून आपलं घर
आज ओळखू आलं.
मी म्हटलं, भाकरी झाकून ठेवलीय.

श्रीलतानं वहीत हिशेब मांडला.
चुना चाळीस. डिंक बारा.
नीळ घरातली, कुंचला उसना.
खाली दोन रेघा मारून बेरीज केली,
शाळेत करतात तशी.

चुन्यानं माझी बोटं सोलली,
आठ दिवस पान धड वळता आलं नाही,
रोजच्या हजाराच्या सहाशे.
ते तिनं विचारलं नाही.
मीही धरलं नाही.